हेल्वीचा थंड सौना

कुओपिओ,
६ नोव्हेंबर

प्रिय हेल्वी,

गुडघा काय म्हणतोय? आणि बहीण? की अजूनही खिडकी उघडी ठेवायची का बंद, यावरून रोज सकाळी तुमची जुंपते? इकडे पाऊस पडायचा की बर्फ, हे अजून ठरत नाहीये, त्यामुळे दोन्ही एकदम पडतं. दुपारीच दिवे लावावे लागतात. बाकी मी मजेत आहे, असं लिहिणार होते. त्याबद्दल जरा पुढे लिहिते.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला फोनवर बोलवत नाही, म्हणून हे पत्र.

आधी आपल्या नकाशांच्या ऑफिसची बातमी. आपल्या साहेबाने, राऊतिओने, सगळा कारभार मुलीच्या हाती दिलाय आणि स्वतः मासे पकडतो. मुलगी हुशार आहे. तिच्या संगणकात घर अख्खं उभं राहतं, गोल फिरवता येतं. परवा तिचा फोन आला, "तुइया, या जुन्या फाइलींचं काय करू गं? दारं, खिडक्या, बेसिनं, एकेकाची वेगळी फाइल! पुसून टाकू?" मी म्हटलं, "हात लावून तर बघ!" बिचारी घाबरली. तिला काय माहीत, त्या फाइलींवर माझं अर्धं आयुष्य गेलंय ते.

तू मला पहिल्या आठवड्यात झापलं होतंस, आठवतं? "एकच दार दहादा काढतेस? हौस आहे का? एकदा काढ, नीट काढ, त्या चित्राचा एक ठोकळा, ब्लॉक कर आणि वेगळ्या फाइलीत ठेव. मग जन्मभर नुसतं नाव घे, येतं धावत." आणि ब्लॉक कुठे धरून उचलायचा तो बिंदू द्यायला मी विसरले, तेव्हा टब न्हाणीघरात न येता नकाशावरच्या सरोवरात जाऊन पडला. तू मागून बघत होतीस. "पोहायलाच जायचंय, तर टब कशाला नेतेस?" सगळं ऑफिस हसलं आणि मीही हसले. घरी मला असं हसत हसत कुणी काही शिकवलं नव्हतं. तुझे आभार मानायचे राहूनच गेले होते. आज मानायला बसलेय, पण ते वेगळ्याच गोष्टीसाठी.

मी राहते त्या इमारतीचे नकाशे आपणच काढले होते. तळमजल्यावरची दोन घरं व्हीलचेअरवाल्यांसाठी होती. त्यांचा सौना, म्हणजे वाफ घ्यायची खोली, आणि न्हाणीघर मिळून तू एक ब्लॉक केलास: दार रुंद, उंबरा नाही, बाक बुटकं. तो ठेवताना त्या फाइलीला तू साध्या सौन्याचंच नाव दिलंस. तळमजल्यावर तो बोलावलास तेव्हा संगणकाने विचारलं, या नावाचा ब्लॉक आधीच आहे, बदलू का? तू 'हो' दाबलंस. झालं! तळापासून वरपर्यंत सगळ्या घरांचे सौने आणि न्हाणीघरं एका क्षणात बदलली. कुणाच्याही लक्षात आलं नाही. भिंती उभ्या राहिल्या, काँक्रीटच्या जमिनी ओतल्या गेल्या, आणि शेवटी सुताराने विचारलं, "एवढ्या बुटक्या बाकावर बसणार कोण? मांजरं?"

बरोबरच होतं त्याचं. वाफ असते वर. खाली बसलं की डोकं भाजतं आणि पाय गारठतात. राऊतिओ लाल झाला होता. "हेल्वी, लोकांना घरं द्यायचीत की इस्पितळ?" त्यानंतर तू निवृत्त होईपर्यंत सगळे 'हेल्वीचा थंड सौना' म्हणत राहिले. लक्षात राहिलं ते बुटकं बाक; दार आणि उंबरा सगळेच विसरले, मीसुद्धा. आम्ही इथे वरच्या मजल्यावर राहायला आलो तेव्हा रेइयोनेही पहिल्या आठवड्यातच वर दुसरं उंच बाक ठोकलं. "बायकोच्या ऑफिसचं पाप नवऱ्याने निस्तरायचं," म्हणत होता. खालचं बाक त्याने काढलं नाही, कंटाळा केला. तो असता तर आज त्याच्या कंटाळ्याचेही आभार मानले असते.

हेल्वी, तुझ्या सत्तरीला मी आले नाही. सर्दी झालीय असं कळवलं होतं. सर्दी नव्हती. मला बसच्या पायऱ्या चढता येत नव्हत्या.

मज्जातंतूंचा आजार आहे. नाव मोठं आहे, ते पाठ झालं तेव्हाच मला त्याचा राग आला. आधी डावा पाय ओढायला लागला, मग दोन्ही. मे महिन्यात दुकानासमोर पडले, आणि तिथून इस्पितळ, तिथून व्यायामाचं केंद्र. आता व्हीलचेअर आहे. ओळखीच्या कुणालाही मी अजून अशी दिसलेली नाही. ऑफिसात कळू दिलं नाही, शेजाऱ्यांना कमरेचं दुखणं सांगितलं. तुला पहिल्यांदा लिहितेय, आणि लिहिताना पेन जड होतंय.

केंद्रातून सोडताना ते म्हणाले, आधी घर बघू. चाकं न्हाणीघरात जात नसतील तर एकटीला तिथे राहता येणार नाही. मग गावाबाहेर, मदतनीस असलेल्या संकुलात एक खोली मिळेल. खोली वाईट नव्हती, मी बघून आले. पलंग, टेबल, आणि खिडकीतून गाड्या लावायची जागा. घरी परत आले नाही तर मी मीच राहीन का, असं वाटत होतं.

मागच्या गुरुवारी सान्नी नावाची एक तपासनीस मुलगी माझ्याबरोबर लिफ्टने वर घरी आली. मी दारातच थांबले, आत जायचं धाडस होईना. ती टेप घेऊन एकटीच न्हाणीघरात गेली.  मग आतून ओरडली, "हे तुम्ही कधी करून घेतलंत?"

"काय?"

"अहो, सगळंच! दार रुंद, उंबरा नाही, वळायला जागा. आणि सौन्यातलं खालचं बाक बरोब्बर खुर्चीच्या उंचीचं! कुणी केलं हे?"

मी म्हटलं, "माझ्या मैत्रिणीने. चुकून."

आणि मग मला जे रडू आलं, ते थांबेना. सान्नी घाबरून पाणी घेऊन आली.

मी घरी आहे, हेल्वी. शनिवारी खुर्चीवरून खालच्या बाकावर सरकले, वाफेसाठी तापलेल्या दगडांवर पाणी टाकलं. पाय गारठले, हे खरं. पण माझ्या घरात गारठले.

आता एकच विचारते, खरं सांग. तुझी आई शेवटची वर्षं खुर्चीत होती. तुझ्यासारखी काटेकोर बाई दोन फाइलींना एकच नाव देईल, हे मला पटत नाही. तू ते मुद्दाम केलंस ना? उद्या कुणालाही लागेल म्हणून? वीस वर्षं सगळ्यांचे टोमणे ऐकलेस आणि बोलली नाहीस ना?

तुझ्यामुळे घरी असलेली,
तुइया


कायानी,
११ नोव्हेंबर

तुइया,

गुडघा आहे तिथेच आहे. खिडकी सध्या उघडी आहे, म्हणजे या आठवड्यात मी जिंकले.

सत्तरीला आली नाहीस म्हणून मी तुझ्यावर चिडले होते, तुझ्या वाटचा केकही खाल्ला. सर्दी म्हणे! आता तुझ्यावर जास्तच चिडलेय. मेपासून एकटी सोसत बसलीस? मी काय मेले होते?

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. ती चूक होती, शंभर टक्के चूक. कॉफीची वेळ झाली होती, स्वयंपाकघरातून वेलची घातलेल्या गोड पावांचा वास येत होता. संगणकाने काहीतरी विचारलं, मी न वाचता 'हो' दाबलं आणि उठले. आईची चाकांची खुर्ची रोज संध्याकाळी ढकलत होते, तरी ती इमारत काढताना ती एकदाही माझ्या डोक्यात आली नाही. हे लिहायला लाज वाटते. पण तू मला देवमाणूस करून ठेवशील, आणि मग तुझ्याशी भांडायची सोय राहणार नाही.

जिने, गच्च्या, छपरं मी जीव ओतून काढली. त्यांच्याबद्दल मला कधी एक ओळ आली नाही. आणि ज्या चुकीमुळे वीस वर्षं मान खाली घातली, तिच्याबद्दल तुझं हे पत्र. दोनदा वाचलं. बहीण विचारते, का गं रडतेस? म्हटलं, जरा थांब, मी आनंदात आहे.

शनिवारी पहिल्या बसने येते. नको म्हणायचं नाही, आवरायचं नाही. आणि तुझ्या त्या दोन पायांवर उभं राहून माझं स्वागत करायचा खटाटोप तर मुळीच नको. दार बसूनच उघड.

आयुष्यात एकदाच नीट चुकलेली,
तुझी हेल्वी