पेला फुटला त्या दिवशीचं पत्र

९ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

मी इकडे खुशाल आहे. तुमच्या चष्म्याचा नंबर पुन्हा वाढल्याचं ताईने कळवलं. पस्तीस वर्षं पोस्टात लोकांचे पत्ते वाचून डोळे झिजवलेत, आता वर्तमानपत्र तरी शेजाऱ्यांकडून ऐकून घ्या.

कारखान्यात आरशांचं मोठं काम आलंय, एका हॉटेलसाठी एकशे वीस. मोठ्या काचा कापायचं काम मालकांनी माझ्याकडे दिलंय. माझ्या हातची काच रेघ सोडून जात नाही, असं मुकादम चारचौघांत म्हणाले. शाळेत माझ्या भूमितीचे काय धिंडवडे निघाले ते तुम्ही विसरला नसाल, म्हणून हे मुद्दाम कळवतो.

अक्षर जरा वाकडं आलंय. घरी पाण्याचा पेला फुटला, काचा उचलताना उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट कापलं. किरकोळ आहे, काळजी नसावी.

उत्तर लिहायला बसण्याआधी डोळ्यांत औषध घालावं, एवढीच विनंती.

तुमचा,
धाकटा

२४ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी सांगतो, यातलं बाबांना काही कळवू नकोस.

नऊ तारखेला कारखान्यात मोठी काच टेबलावर उलटवताना निसटली आणि तिचा कोपरा माझ्या बोटात घुसला. आमच्याकडची रीत तुला माहीत नाही. बोट कापलं की काचेच्या कडांना लावायची चिकटपट्टी घ्यायची, तीन वेढे गुंडाळायचे आणि पुढची काच उचलायची. अपघाताची वही आहे, पण तिच्यात बोटं लिहायला घेतली तर रोज एक पान भरेल, असं मुकादम म्हणतात. लिहायला जाणाऱ्याला बाकीचे नाजूकराव म्हणतात. मीही इतकी वर्षं म्हणत आलोय. त्यामुळे पट्टी गुंडाळली आणि तीन दिवस काम केलं.

चौथ्या दिवशी सकाळी शर्टाचं बटण लावताना लक्षात आलं, की बोट वाकतच नाही. डॉक्टर म्हणाले, बोट वाकवणारी आतली दोरी, तिला ते टेंडन म्हणतात, काचेने अर्धी कापली होती आणि पुढच्या कामाने पुरती तुटली. ऑपरेशन करून जोडता येईल, पण लागल्या दिवसापासून सहा आठवड्यांच्या आत. नंतर ती आखडते. खर्च माझ्या आवाक्यातला नाही. कामगार भरपाई मंजूर झाली तरच ते होईल, आणि या बोटाशिवाय काच कापायचं कटर धरता येत नाही.

भरपाईच्या कचेरीतल्या अधिकारी बाई बऱ्या आहेत. चूक कुणाची हे आम्ही विचारत नाही, म्हणाल्या, आणि जखम लहान आहे म्हणून नाकारतही नाही. फक्त ती कामावर झाली आणि त्याच दिवशी झाली एवढं दिसलं पाहिजे. तिथेच घोडं अडलंय. वहीत नोंद नाही, डॉक्टरांची चिठ्ठी चार दिवसांनंतरची, आणि मालकांनी फॉर्मवर लिहिलंय की अशा अपघाताची त्यांना माहिती नाही. काचा घासणारा आमचा एक जण आहे, जाड चष्म्यामुळे त्याला सगळे भिंग म्हणतात. त्याने डोळ्यांनी पाहिलं आणि तसं सही करून दिलं. घाबरत घाबरत, पण दिलं. त्या दिवशीचा एखादा कागद मिळाला तर काम होईल, असं बाई म्हणतात. तो कुठून आणू?

कचेरीचा पत्ता खाली लिहिलाय, तुझ्या ओळखीचं कुणी असलं तर बघ. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
धाकटा

२ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. पंधरा दिवस तू एकट्याने हे अंगावर काढलंस याचा राग आला, तो भेटल्यावर काढीन. लहानपणी गुडघा फुटला तरी चड्डीला चिखल लागलाय म्हणून सांगायचास. अजून तसाच आहेस.

माझ्या ओळखीचं तिकडे कुणी नाही. पण बाबांना मी कळवलं. तू नको म्हटलं होतंस, तरी कळवलं. कामावर लागलं, सहा आठवड्यांच्या आत ऑपरेशन व्हायला हवं, कचेरीला त्या दिवशीचा कागद हवाय, एवढंच लिहिलं आणि पत्ता दिला. सरकारी कामात त्यांचं डोकं चालतं, आणि दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं तर त्यांनी अन्न गोड लागू दिलं नसतं, स्वतःला आणि आम्हालाही.

बोट गरम पाण्यात धर. तुझ्या भाच्याने तुझ्यासाठी आरसा काढलाय, त्यात तुझं तोंड भोपळ्यासारखं आहे. सोबत पाठवते, हसायला येतंय का बघ.

वाट पाहणारी,
ताई

७ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

ताईने सगळं कळवलं. मी रागावलेलो नाही. थोडा रागावलो होतो, पण तुझं काम झालं त्या आनंदात ते राहून गेलं.

तुझी पत्रं मी शिक्क्याच्या तारखेने लावून ठेवतो, हे तुम्ही दोघं चेष्टेवारी नेता. नऊ फेब्रुवारीचं पत्र तिसऱ्या मिनिटाला हातात आलं. शिक्का इतका स्वच्छ उठलाय की मलाही चष्मा लागला नाही. आत बोट कापल्याची ओळ होती हे आठवत होतंच, आणि अक्षर पाहिलं तर सगळं वाकडं. दुखऱ्या हाताने लिहिलंय हे आंधळाही सांगेल. माणूस साक्ष फिरवतो, पोस्टाचा शिक्का फिरत नाही. पाकिटासकट पत्र रजिस्टर पोस्टाने कचेरीला पाठवलं. हे माझ्या मुलाचंच अक्षर आहे, असं वर माझ्या सहीने लिहून दिलं. माझा पत्ता घालून, तिकीट लावून एक पाकीट आत ठेवलंय, कारण काम झाल्यावर पत्र मला परत हवं.

आता ऑपरेशनची तारीख कळव. मी येतो.

निश्चिंत झालेले तुझे,
बाबा

१८ मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबांना जे पत्र लिहिलं होतं त्यात मी घरी पेला फुटून लागल्याचं लिहिलं होतं. कामावर लागलं म्हटलं तर ते रात्रभर जागतील, म्हणून. हे तुलाही सांगितलं नाही, कारण मी ते विसरलोच होतो. अशा थापा माणूस लक्षात ठेवत नाही.

काल बाईंनी ते पत्र माझ्यापुढे ठेवलं आणि अक्षर माझंच का, असं विचारलं. मी हो म्हणालो. मग त्यांनी ती ओळ हळू आवाजात वाचून दाखवली. मालकांचा माणूस बाजूलाच बसला होता. वडिलांना काळजी नको म्हणून खोटं लिहिलं, हे मी तीनदा सांगितलं. बाईंना ते पटलं असावं, त्या खाली बघत होत्या. पण त्या दिवशीचा कागद त्यांनीच मागितला होता, तो आला, आणि त्यात घर लिहिलेलं आहे. अर्ज फेटाळला. तीस दिवसांत अपील करता येतं. डॉक्टरांची मुदत पाच दिवसांत संपते.

भिंगला खोटी साक्ष दिली म्हणून आज कामावरून काढलं. त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मला पॅकिंगला बसवलंय. मी हात टेकले, ताई.

बाबांना यातलं अक्षरही कळू देऊ नकोस. त्यांना हे झेपणार नाही.

धाकटा

२९ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

माझं पाकीट परत आलं. त्यात तुझं पत्र होतं आणि कचेरीच्या निकालाची प्रत होती. निकालात तुझ्या पत्रातली ओळ उतरवून घेतली आहे. मग मी तुझं पत्र भिंगाखाली धरून पुन्हा वाचलं.

धाडण्याआधी मी ते वाचलं नव्हतं. तारीख बघितली, अक्षर बघितलं आणि बंद केलं. दुसऱ्यांची पत्रं न वाचता पुढे पाठवायची, हीच माझी नोकरी होती. तुझंही तसंच पाठवलं. ऑपरेशनची मुदत टळून सहा दिवस झाले, हे मी कॅलेंडरवर मोजलं. दोनदा मोजलं.

माझ्यासाठी तू खोटं लिहिलंस आणि ते मीच नेऊन त्यांच्या हातात दिलं. मला दोन दिवस घास उतरला नाही. तुला दोष देत नाही. पण यापुढे मला खुशाली कळवू नकोस, खरं कळव. बोट कसं आहे? पेला खरंच फुटला होता का? वाईट असलं तरी लिही. या वेळी मी वाचीन.

बाबा

५ एप्रिल

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

खुशाल आहे असं लिहिणार होतो, खोडलं.

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. बोट वाकत नाही. डॉक्टरांनी परवा बघितलं, आता जोडून उपयोग नाही म्हणाले. अपिलाचा फॉर्म आणलाय, पण बोटासाठी नाही. माझ्या बाजूने साक्ष देणारा भिंग खोटं बोलला नव्हता एवढं तरी कागदावर यावं म्हणून भरतोय, आणि तेही होईलसं वाटत नाही. मी दिवसभर खोक्यांत गवत भरतो. परवा मुकादमांनी दुसऱ्याला काच कापायला दिली. ती रेघ सोडून गेली. मला बरं वाटलं, आणि मग त्याचीही लाज वाटली.

अक्षर वाकडं आहे. पेन मधल्या बोटाने धरतो. ते आता असंच राहील.

पेला फुटला नव्हता. तो इथेच आहे, मोरीजवळच्या फळीवर. रोज सकाळी त्यातूनच पाणी पितो, डाव्या हाताने.

तुमचा,
धाकटा