तहकूब सभेला जाण्याआधी

शुक्रवारी लिहिलेल्या मृत्युपत्रात एक चूक आहे, ती आधी दुरुस्त करते. त्यात मी माझी बचत आईला दिली होती आणि साक्षीदार म्हणून सहीही तिचीच घेतली होती. ज्याला मिळायचे त्याने साक्ष द्यायची नसते, असे कोर्टाबाहेर बसणाऱ्या अर्जनवीसाने सांगितले. म्हणून तो कागद रद्द समजावा. हा खरा.

मी, लाँड्रीवालीची थोरली मुलगी, घरातली पहिली शिकलेली, हे कुणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. मी भ्यालेली आहे, भ्रमिष्ट नाही.

कारणही लिहून ठेवते, नाहीतर पोरीने जिवाचे बरेवाईट करून घेतले म्हणतील. आमची गल्ली हॉटेलांच्या चादरी आणि दवाखान्यांचे पडदे धुते, ते सार्वजनिक हौदावर. तो बुजवून गाड्यांचा तळ करण्याचा विषय वॉर्डसभेपुढे आला. ज्याला तळाचे काम मिळायचे आहे त्या ठेकेदाराला आम्ही साखरदादा म्हणतो. त्यानेच गल्लीत येऊन सांगितले की सभेला जाऊच नका, माणसे भरली नाहीत की विषय बारगळतो. कुणी गेले नाही. सभा तहकूब झाली, गल्ली खूश. मग मी नियम वाचले. तहकूब सभेला माणसांची अट नसते; येतील तेवढ्यांत मंजूर. त्याने केसाने गळा कापला आमचा.

विरोध सभेत उभे राहून मांडावा लागतो आणि दुसऱ्या कुणीतरी अनुमोदन द्यावे लागते. नाहीतर तो लिहूनही घेत नाहीत. मागे रस्त्याच्या विषयाला वायरमन असा उभा राहिला होता. दुसऱ्या दिवशी तो पुलाच्या पायऱ्यांखाली सापडला. पाय घसरला, असे तो अजून सांगतो. पाय घसरून दोन्ही हात कसे मोडले, हे कुणी विचारले नाही. माझ्या बाबतीत विचारावे.

काल साखरदादा दुकानात आला. शर्ट इस्त्रीला टाकून म्हणाला, "ताई, सभेत चेंगराचेंगरी होते हो. तुमच्यासारख्या शिकलेल्यांनी जपावं." शर्टाला एक सुरकुती नव्हती.

आता वाटणी.

पोस्टातली बचत धाकट्या बहिणीच्या शिक्षणासाठी. लग्नासाठी नव्हे, स्थळ कितीही चांगले आले तरी. सायकलही तिलाच, ब्रेक आधी दुरुस्त करून घ्यावा. वाफेची इस्त्री शेजारच्या मावशीला. पदवीचे प्रमाणपत्र दुकानात टांगलेलेच राहू द्यावे, ते पाहून गिऱ्हाईक घासाघीस कमी करते. माझी छत्री काकांनी नेली ती नेलीच. ती मी त्यांना रीतसर देत आहे, म्हणजे निदान आता तरी ती त्यांची होईल. पोरीला शिकवून काय दिवे लावणार, असे ते वडिलांना म्हणाले होते, ते मी विसरलेले नाही.

आईला काही देत नाही. तिलाच विचारले होते, वाटा हवा की सही करतेस.

"तुझं घेऊन मी काय करू?" ती म्हणाली. "सही करते. पण या सहीनं होतं काय?"

"मी लिहिलंय ते माझंच आहे, असं तू सांगतेस."

"मग उद्या सभेतही तेवढंच सांगायचं ना? ही बोलली ते बरोबर, म्हणून?"

अनुमोदकासाठी मी गल्ली पालथी घातली होती. कुणाला पाहुणे होते, कुणाला ताप. आईला विचारणे मी मुद्दाम टाळले होते.

"आई, त्या वायरमनचं माहीत आहे ना तुला?"

"मला नको सांगूस. त्याचा शर्ट मीच धुतलाय. डाग गेला नाही."

आता मला दोघींच्या जिवाची भीती वाटते. म्हणून एक कलम वाढवते. आम्ही दोघीही परतलो नाही तर बहीण मावशीकडे राहील, काकांकडे नाही. दुकानाची किल्ली मावशीकडे दिली आहे. तिने ती पदराला बांधून घेतली.

लिहून देणार : थोरली (सही)

साक्षीदार :
१. आई, लाँड्रीवाली (सही)
२. अर्जनवीस (सही; सभेला येणार नाही, असे बजावून केलेली)

ठिकाण : दुकान, इस्त्रीचे टेबल
लिहिल्याचा दिवस : रविवार, १३ जुलै
सभेत आम्ही दोघी उभ्या राहू तो दिवस : सोमवार, १४ जुलै