खाटेची लाल चिठ्ठी

४ फेब्रुवारी

सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

टाचणी गप्प आहे म्हणजे कुठेतरी टोचतंय, असं तू मागच्या पत्रात लिहिलंस. टोचतंय खरं. फोनवर सांगणार नव्हते, कारण तुमच्याकडे फोन वाजला की दादा आधी उचलतो आणि मग तुझ्या शेजारी बसून कान टवकारतो. हे पत्रही त्याला दाखवू नकोस.

तीन आठवड्यांपूर्वी मला ताप आला, अंग ठणकलं आणि नको त्या जागी फोड आले. लघवीला बसलं की डोळ्यांतून पाणी यायचं. डॉक्टरबाईंनी फोडातलं पाणी तपासायला पाठवलं आणि काल सांगितलं की हर्पीस आहे, दुसऱ्या प्रकारचा. गोळ्यांनी फोड बसले, पण विषाणू आता जन्मभर अंगात राहणार. कुणाकडून आला विचारलं, तर म्हणाल्या की सांगता येत नाही, कित्येकांच्या अंगात वर्षानुवर्षं असतो आणि त्यांना पत्ताही नसतो. पुढचं मी ऐकलंच नाही. त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले.

माझं काम तुला माहीत आहे. संग्रहालयातल्या जुन्या वस्त्रांची डागडुजी. एखाद्या झग्यात कापड खाणारी कसर दिसली की तो पिशवीत बंद करायचा, लाल चिठ्ठी बांधायची आणि वेगळ्या खोलीत ठेवायचा. चिठ्ठीवर कारण, तारीख आणि बांधणाऱ्याची सही. सोडवणाऱ्याची सही मात्र दुसऱ्याची लागते. स्वतः बांधलेली चिठ्ठी स्वतः काढायची नाही, असा आमच्याकडे कडक नियम आहे. वहिनी, हसू नकोस, मी तसल्या चार चिठ्ठ्या घरी आणल्या. एक माझ्या कपाला, एक टॉवेलला, एक साबणाच्या डबीला आणि एक खाटेला बांधली.

सुताराला काहीच सांगितलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या भांडारात कपाटं करायला आला आणि माझ्या आयुष्यात रेंगाळला, तोच. मे महिन्यात आम्ही नोंदणी करून लग्न करायचं ठरवलंय, आणि शनिवार-रविवार तो इकडेच असतो. म्हणून थाप मारली की खाटेत ढेकूण झालेत, येऊ नकोस. सांगितलं तर तो जाईल, नाही सांगितलं तर त्याला देऊन बसेन. इकडे आड, तिकडे विहीर. तू रोज औषधांच्या दुकानात उभी असतेस, मला काहीतरी सांग.

दादाला नमस्कार सांग, कारण सांगू नकोस.

तुझी,
टाचणी


११ फेब्रुवारी

चि. टाचणीस,
अनेक आशीर्वाद. त्यातल्या दोन चापट्या आहेत असं समज.

पत्र काउंटरमागे उभ्यानंच वाचलं. एका आजोबांना खोकल्याच्या औषधासाठी ताटकळत ठेवलं, तेही तुझ्याच खात्यावर.

आधी कपाची चिठ्ठी काढ, मग टॉवेलची, मग साबणाची. दुसऱ्याची सही लागत असेल तर माझी धर. हा विषाणू कपातून पसरत नाही, टॉवेलमधून नाही, संडासाच्या भांड्यावरूनही नाही. अंगाबाहेर तो टिकाव धरत नाही. तो कातडीला कातडी लागून जातो. तुझी कसर कापडात राहते, हा नाही राहत. आजार एका खात्याचा आणि उपाय दुसऱ्या खात्याचा केलास तू. आणि लोक नागीण म्हणतात ती ही नव्हे. ती याच्या भावकीतली, पण वेगळी.

खाटेचं मात्र नीट बोलायला हवं. फोड यायच्या आधी त्या जागी मुंग्या येतात, चुरचुरतं. तेव्हापासून ते खपली पडून कातडी साफ होईपर्यंत जवळ यायचं नाही. एरवी कंडोम वापरायचा, पण तो झाकेल तेवढ्याच जागेची राखण करतो. रोज एक गोळी घ्यायची सोय आहे, तिनं दुसऱ्याला होण्याचा धोका जवळपास निम्म्यानं कमी होतो. ती तुला चालेल का ते डॉक्टरबाईंना विचार, आणि या वेळी कॅलेंडर बघू नकोस. फोड नसतानाही हा कधीकधी जातो, हेही खरं. म्हणजे धोका खूप कमी होतो, शून्य होत नाही. शून्य म्हणून मी तुला विकणार नाही.

आता तुझ्या दादाचं ऐक. परीक्षा असो की सर्दी, त्याच्या ओठाच्या कोपऱ्यावर फोड येतो, हे तू लहानपणापासून पाहिलंस. तोही हर्पीसच, बहुतेक पहिल्या प्रकारचा. सोळा वर्षं मी त्याच्याशी संसार करतेय. फोड असला की मुका बंद, गेला की दुकान चालू. ओठावर आला तर त्याला ताप म्हणायचं आणि खाली आला तर पाप म्हणायचं, हा कुठला न्याय?

मीही शहाणी नव्हते. नोकरीला लागले तेव्हा या गोळ्या मी वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायची. एक शिक्षिका यायच्या. त्यांनी एकदा माझ्यासमोर कागद उलगडला, घडी करून परत दिला आणि विचारलं, की रक्तदाबाच्या गोळ्या तू अशा गुंडाळतेस का. त्या दिवसापासून कुणाच्याच गोळ्या गुंडाळल्या नाहीत.

सुताराला सांग. त्याच्यावर उपकार म्हणून नको, अंग त्याचं आहे म्हणून. तो जाईल की राहील ते त्याला ठरवू दे. तू त्याच्या वतीनं ठरवून मोकळी झालीस, तेच मला आवडलं नाही.

तुझी वहिनी


१९ फेब्रुवारी

सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तीन चिठ्ठ्या काढल्या. डॉक्टरबाईंकडे पुन्हा गेले, रोजची गोळी सुरू केली. एवढंच चांगलं सांगायला आहे, कारण ढेकणांनी घात केला.

रविवारी सकाळी सुतार हत्यारांची पिशवी घेऊन दारात. ढेकूण सांध्यांत लपतात, म्हणाला, खाट मोकळी केल्याशिवाय जायचे नाहीत. मी नाही नाही म्हणेपर्यंत गादी बाहेर. एकेक सांधा त्यानं सोडवला, प्रत्येकावर पेन्सिलीनं आकडा घातला, भोकांत विजेरी मारून पाहिलं, उकळतं पाणी ओतलं. चार तास गुडघ्यांवर होता. एक अंडंसुद्धा सापडलं नाही, आणि मी शेजारी उभी राहून त्याला विजेरी धरून देत होते. इतकी लाज मला फोडांची वाटली नव्हती.

मग खाटेच्या पायाला बांधलेली चिठ्ठी त्यानं वाचली. भांडारात काम केल्यामुळे त्याला त्या माहीत आहेत. कारण: संसर्ग. खाली माझी सही, दुसरी जागा रिकामी. ढेकणांना संसर्ग कधीपासून म्हणायला लागले, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, कामाची सवय. त्यानं हात धुतले आणि शांतपणे म्हणाला की मे महिन्याचं नको असेल तर तसं सांग, त्यासाठी ढेकूण कशाला हवेत. मी तसं नाही, तसं नाही करत रडले, पण सांगितलं काहीच नाही. तो गेला. खाट भिंतीला टेकून उभी आहे आणि मी जमिनीवर झोपते.

तुझी,
टाचणी


२२ फेब्रुवारी

चि. टाचणीस,
आशीर्वाद.

रडणं म्हणजे सांगणं नव्हे. बिचारा आता घरी बसून स्वतःत खोट शोधत असेल.

दिवसाउजेडी सांग. दोघांच्या अंगावर पूर्ण कपडे असताना, खुर्चीवर बसून. पहिल्याच वाक्यात नाव घे, प्रस्तावना नको. मला हर्पीस आहे, कसा पसरतो ते हे, कसा रोखायचा ते हे, शून्य होत नाही ते हे. आजाराची माफी मागू नकोस, तो गुन्हा नाही. ढेकणांची माग. मग गप्प बस. त्याला विचार करायला वेळ लागला तर त्याचा अर्थ काढत बसू नकोस.

पत्र छोटं आहे, कारण दुकानात गर्दी आहे. माया तेवढीच आहे.

तुझी वहिनी


३ मार्च

सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

सांगितलं. गेल्या बुधवारी, त्याच्या कारखान्यात, दोन अर्धवट खुर्च्यांवर बसून. एकीला पाठ नव्हती, ती मला आली. तू लिहिलंस तस्सं, त्याच क्रमानं बोलले. त्यालाही आधीच झालेला असू शकतो, हेही सांगितलं.

त्यानं एकच विचारलं, की हे कधीपासून माहीत आहे. तीन आठवडे म्हटलं. तो उठला, रंधा हातात घेतला, पुन्हा ठेवला आणि म्हणाला की थोडे दिवस दे. आज सहावा दिवस. त्याची हत्यारांची पिशवी अजून माझ्याकडेच आहे. सुतार हत्यारं टाकून जात नाही, असं मी स्वतःला सांगते. पण वहिनी, गंमत अशी की छातीवरचा धोंडा उतरलाय. तो गेला तर मी खूप रडेन, पण आता चिठ्ठी बांधून बसणार नाही.

तुझी,
टाचणी


७ मार्च

सौ. वहिनी यांस,
स. न. वि. वि.

आपली भेट एकदाच झाली. तेव्हा तुम्ही माझ्या हातांची बोटं मोजली होती, सुताराला दहा आहेत का ते बघायला. आहेत अजून. तुमचा पत्ता टाचणीच्या टेबलावरच्या पाकिटावर पाहिला होता. तिला न विचारता लिहितोय, राग नसावा.

मी घाबरलो नाही असं नाही. डॉक्टरांकडे गेलो, प्रश्न कागदावर लिहून नेले. ते म्हणाले, मला कधी फोड आला नसला तरी विषाणू माझ्यात आधीपासून असू शकतो, कदाचित माझ्याकडूनच तिला गेला असेल. रक्त तपासलं तरी पक्कं उत्तर मिळेलच असं नाही. हे ऐकून मी दिवसभर एकही लाकूड नीट कापलं नाही.

पण खरं दुखलं ते वेगळंच. ढेकणांसाठी मी चार तास गुडघ्यांवर होतो आणि ती विजेरी धरून उभी होती. ढेकूण मारायला मी चालतो आणि याला चालत नाही, असं तिला का वाटलं? तुम्ही तिला ओळखता. ती पुन्हा असं करेल का?

आपला नम्र,
सुतार


१० मार्च

चि. सुतार यांस,
आशीर्वाद. घरातले धरले आहेत तुम्हाला, म्हणून चि.

कुणाकडून कुणाला गेला ते शोधू नका. टाचणीनंही शोधू नये. घर गळायला लागलं की माणूस कौल बघतो, पाऊस कुठल्या ढगातला ते विचारत नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: करेल. अगदी असंच नाही, पण काही दुखलं की आधी ते गुंडाळून ठेवायचं, ही तिची खोड आहे. शाळेत असताना हाताचं हाड मोडलं तर दोन दिवस बाहीत लपवलं होतं. तिला वाटतं, मोडकी वस्तू लोक परत करतात. तुम्ही मोडक्या खुर्च्या दुरुस्त करून पोट भरता, म्हणून मला तुम्ही पसंत आहात. पण राहायचं तर खुशीनं राहा. दया म्हणून राहाल तर ती दोन दिवसांत ओळखेल आणि मी एका दिवसात.

हे पत्र तिला दाखवलंत तरी चालेल.

तुमची वहिनी


२६ मार्च

सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तू बाहीची गोष्ट सांगितलीस. तुझं-माझं भांडण आहे, आल्यावर निस्तरू.

शनिवारी दुपारी तो आला. पिशवी न्यायला आलोय म्हणाला, आणि पिशवी उघडून खाट जोडायला बसला. पेन्सिलीचे आकडे जुळवत मी एकेक दांडी हातात देत गेले. काम करता करता त्यानं मनातलं सगळं काढलं. ढेकणांवरून चांगलाच बोलला, आणि मी मान खाली घालून ऐकलं. मग म्हणाला की मीही एक कबूल करतो, डॉक्टरांकडे जाताना शेजारच्या चौकातला दवाखाना सोडून लांबचा गाठला, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून. म्हणजे तोही काही कमी नाही. दोघं हसलो तेव्हा शेवटचा सांधा बसायचा होता.

मग जे ठरलं ते खुर्च्यांवर बसून ठरलं, तुझ्या नियमाप्रमाणे. गोळी रोज. कंडोम वापरायचा. मुंग्या आल्या की मी तेव्हाच तोंडानं सांगायचं, आणि त्या दिवसांत पत्ते खेळायचे. उरलेला धोका त्यानं समजून घेतलाय, आणि तो घ्यायचा की नाही हे त्याचं त्यानं ठरवलं. मला दोनदा तोंड उघडायचं होतं त्याच्या वतीनं, दोन्ही वेळा तू आठवलीस. रात्री तो राहिला. मला वाटलं होतं, मला आता हात लावताना तो विचार करेल. केलाच त्यानं विचार. आणि मग हात लावला. यापुढचं तुला लिहीत नाही, दुकानात उभ्यानं वाचतेस.

सकाळी उठले तर खाटेच्या पायाची चिठ्ठी सुटलेली होती. ती सोबत पाठवतेय, तुझ्या काउंटरच्या काचेखाली ठेव. आमच्या कार्यशाळेत सोडवणारा सही करतो आणि शेऱ्यात लिहितो की वस्तू दालनात मांडायला हरकत नाही. सुतारानं सुतारी पेन्सिलीनं ठसठशीत सही केली आहे. शेऱ्यात लिहिलंय: दालनात मांडू नये. घरी लागते.

मे महिन्यात दादाला घेऊन ये. त्याच्या ओठावर फोड असला तरी चालेल.

लोभ तुझा होताच, आता तो दोघांत वाटून घेऊ.

तुझी,
टाचणी