‘जागा’ या शब्दाच्या दुरुस्तीबाबत

प्रति,
मा. प्रशासन अधिकारी साहेब,
कऱ्हाकाठ सहकारी दूध संघ,
बारामती, जि. पुणे.

अर्जदार : दादासो किसन मदने, संगणक चालक (हंगामी), दूध शीतकरण केंद्र, लोणी भापकर.

विषय : संगणकासाठी रिकामी करून घेतलेली खोली श्रीमती छबूबाई यांना परत मिळणेबाबत, व जमल्यास एक हार्ड डिस्क मिळणेबाबत.

संदर्भ : माझा दि. ६ नोव्हेंबर १९९५ चा अर्ज (जो मी तसा लिहायला नको होता).

महोदय,

वरील विषयास अनुसरून सादर करतो की, हा अर्ज लिहिताना मला अतिशय शरम वाटत आहे. तरी तो शेवटपर्यंत वाचण्याची कृपा व्हावी.

केंद्रातील संगणकात दूध घालणाऱ्यांची खाती व फॅटच्या नोंदी ठेवल्या जातात. दिवाळीत नवे सभासद वाढले आणि संगणकाच्या हार्ड डिस्कमध्ये, म्हणजे नोंदी साठविण्याच्या डबीत, नवीन काही मावेनासे झाले. त्यावर उपाय साधा आहे. तशीच दुसरी डबी आणून संगणकाच्या पेटीतल्या रिकाम्या खणात बसविली की झाले. परंतु कामकाजात इंग्रजी शब्द टाळावेत असे आपले परिपत्रक नुकतेच आले होते, व मलाही शुद्ध लिहिण्याची हौस. म्हणून मी लिहिले की, ‘संगणकास जागा अपुरी पडत असून वाढीव जागा तातडीने उपलब्ध करून द्यावी.’

आपण ती तातडीने दिलीत. स्वतः जीप घेऊन आलात, टेप लावून केंद्राशेजारची खोली मोजलीत आणि आठ दिवसांत रिकामी करण्याचा हुकूम दिलात. त्या खोलीत छबूबाई राहत होत्या. त्या केंद्रातले कॅन धुतात. त्यांचे यजमान येथेच पहारेकरी होते, ते वारल्यावर संघानेच त्यांना तिथे राहू दिले होते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा प्रकार झाला. यात आपला दोष नाही, चूक माझ्या शब्दाची आहे.

नुसती शब्दाची असती तरी मी इतका खजील झालो नसतो. महोदय, टेप लागली तेव्हाच माझ्या ध्यानात आले होते. तोंड उघडणार तोच आपण सर्वांसमोर म्हणालात की, असा मुद्देसूद अर्ज संघात दुसरा कोणी लिहीत नाही, याला कायम करायला हरकत नाही. मी मूग गिळून गप्प राहिलो. इतकेच नव्हे, टेपचे दुसरे टोक मीच धरले होते.

छबूबाईंनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. त्या संगणकाकडे बोट करून म्हणाल्या, “वाढतं पोर हाय, त्येला जागा नको व्हय? माझं काय, मी कुठं बी पडंन.” आणि स्वतःच खोली झाडून पुसून दिली. आता त्या कॅन धुण्याच्या ओट्यावर पोती बांधून राहतात. पौषातली थंडी आहे आणि ओटा सदा ओला असतो. खोलीला संघाचे कुलूप आहे, किल्ली बारामतीला. आत चुना दिलेल्या भिंती व संगणकासाठी आपण पाठविलेला पंखा, एवढेच आहे. संगणक जुन्याच टेबलावर असून त्यात आजही काही मावत नाही. नवी नोंद घ्यायची तर मी एक जुनी पुसतो.

रोज संध्याकाळचे दूध आले की त्या दारातून विचारतात, “दादासो, मावलं का रं समदं?” मी म्हणतो, “मावलं, मावशी.” त्यांना बरे वाटते, आणि मला मेल्याहून मेल्यासारखे होते.

तरी विनंती की, खोलीची किल्ली याच आठवड्यात पाठवावी. हार्ड डिस्क मंजूर झाली तर उपकार होतील, न झाली तर नोंदी मी हाताने लिहीन. मला कायम करण्याचा विषय निघालाच असेल, तर हा अर्ज वाचून मग ठरवावे. छबूबाईंना मी अजून खरे सांगितलेले नाही. किल्ली हातात असल्याशिवाय ते सांगायला माझी जीभ उचलत नाही.

आपला,
मान खाली घातलेला,
दादासो किसन मदने

लोणी भापकर, ता. बारामती
दि. १२ जानेवारी १९९६

सोबत : हार्ड डिस्कच्या मापाचा कापलेला पुठ्ठा. कृपया तळहातावर ठेवून पाहावा.