व्हायोलिन थांबलं तेव्हा तू बोललीस

आई, विंझरच्या घरातली ती रशियन व्हायोलिनची कॅसेट अजून माझ्याकडे आहे. तुझा आवाज असलेली तेवढी एकच वस्तू उरली आहे, म्हणून गेल्या आठवड्यात माझ्या जिवाला घोर लागला होता.

तुला आठवतो का तो दिवस? दादांचा लग्नाकार्यात लाऊडस्पीकर लावायचा धंदा. सनई आणि सिनेमाची गाणी ऐकून त्यांचे कान किटायचे, मग ते भोरच्या मास्तरांकडे असलं काहीतरी ऐकायला जायचे. मास्तरांची बदली झाली तेव्हा त्यांनी ती जुनी तबकडी एका दिवसापुरती दिली. वर न वाचता येणारी रशियन अक्षरं, वाजवणारा केव्हाच वारलेला, मागं मोठा वाद्यवृंद. दादांना ती टेप करून घ्यायची होती, पण ऐन वेळी वायर सापडेना. मग त्यांनी टेपरेकॉर्डर सरळ स्पीकरसमोर पाटावर ठेवला आणि आपल्या दोघींना दम भरला, "आता कुनी शिंकायचंबी न्हाई." तू चुलीपाशी, मी तुला टेकून. भात निवत चाललाय आणि तू गप्प. मग सगळी वाद्यं थांबतात, एकटं व्हायोलिन उरतं, तेही बारीक होत होत थांबल्यासारखं होतं, आणि तू मोठ्यानं विचारतेस, "संपलं का वो? ताटं वाढू?"

"अगं, गप की!" दादा ओरडले. तेही टेपमध्ये आहे. तबकडी सकाळच्या एसटीनं परत गेली, त्यामुळे दुसरी टेप काही झाली नाही, आणि दादा दोन दिवस तोंड फुगवून बसले. पण तू गेल्यावर ते पाहुण्यांना तीच टेप ऐकवायचे आणि त्या जागी हात वर करून सगळ्यांना गप्प करायचे. आता तेही नाहीत.

टेप घरघरायला लागली म्हणून माझ्या लेकीनं ती पुण्यात एकांकडे मोबाईलवर उतरवायला दिली. संध्याकाळी सहज म्हणाली, "मधे कुणी बाई बोलतीये, ते काढून स्वच्छ करून देतो म्हणाले." तिच्याकडून नंबर घेऊन मी फोन लावला आणि नमस्कार-चमत्कार न करता म्हणाले, "व्हायोलिन गेलं तरी चालेल, बाईला हात लावू नका!" मग त्यांनी विचारलं, "कोण आहेत त्या?" मी म्हटलं, "आई."

भल्या माणसानं उलटंच काम केलं. व्हायोलिन मागं सारलं आणि तुला पुढं आणलं. दादांच्या ओरडण्यानंतर तू काहीतरी पुटपुटली होतीस, ते इतकी वर्षं खरखरीत बुडालेलं होतं. काल पहिल्यांदा ऐकलं. "दमला आसंल बिचारा. बसू दे त्याला घडीभर." स्वतःचा नवरा डोळे वटारतोय आणि तुला काळजी त्या परक्या वाजवणाऱ्याची! मी आधी हसले, मग पुष्कळ रडले.

हे कुठं धाडायचं नाही, नुसतं लिहिलंय. लेकीलाही सांगितलेलं नाही, तुला सांगते. तू ते 'बसू दे' त्या वाजवणाऱ्याला म्हणालीस, ठाऊक आहे मला. पण आज ते मी माझ्यावरच घेतलं, दुपारची भांडी मोरीत तशीच टाकली आणि खुशाल झोपले.