न्हाणीघराचा दुसरा पाइप

प्रिय हेमाली,

तू फोन उचलत नाहीस, श्रेयसच्या मेसेजला उत्तर देत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेऊन बसले. लग्न नको असं तू कळवल्यापासून आमचा मुलगा तोंड पाडून फिरतोय. कारण विचारलं तर माझ्यावरच ओरडतो, म्हणे तुमच्या त्या पाइपामुळे! न्हाणीघराच्या पाण्यावरून सोयरीक मोडलेलं श्रीवर्धनातलं पहिलं घर आमचंच असणार.

त्या पाइपाचं कौतुक मला कुणी सांगू नये. वादळात आमची वाडी आडवी झाली, तेव्हा यांनी पोफळीची नवी रोपं लावली. चैत्र आला की आमच्या विहिरीचं पाणी मचूळ होतं, रोपांना ते चालत नाही. मग यांनी आंघोळीचं, भांड्यांचं, कपड्यांचं सगळं पाणी खडी-कोळशाच्या खड्ड्यातून गाळून पाइपानं वाडीत सोडलं. कल्पना चांगली, मी कुठे नाही म्हणते? पण तेव्हापासून माझा संसार झाडांच्या परवानगीनं चाललाय. साबण नको, पावडर नको, फिनेलचं तर नावच काढायचं नाही. केस रिठ्यानं धुवायचे, भांडी राखेनं घासायची. गॅसवर स्वयंपाक करणाऱ्या बाईनं राख आणायची कुठून? तर शेजारच्या नीराबाईंच्या चुलीतून! माझी बहीण राहायला आली, तर यांनी दारातच तिच्याकडून शाम्पूची बाटली मागून घेतली. ती पुन्हा फिरकली नाही, आणि यांना त्याचा पत्ताही नाही.

हे सगळं श्रेयसनं तुला आधी सांगायला नको होतं का? त्याला म्हणे लाज वाटली. रिठ्यानं काळी पडलेली न्हाणीघराची फरशी तुला मळकी वाटली. होणाऱ्या सासरी पहिल्यांदा आलेली मुलगी ती तशीच कशी टाकेल? गुपचूप दुकानातून ॲसिडची बाटली आणून तू फरशी लख्ख केलीस. खरं सांगू? ती पांढरी फरशी बघून मला इतकं बरं वाटलं की पाणी कुठे गेलं हे माझ्याही डोक्यात आलं नाही. सकाळी बघतो तर अळू करपलेलं, केळी काळवंडलेल्या, आणि यंदा फुलोऱ्यावर येतील म्हणून हे ज्यांच्याकडे डोळे लावून बसले होते त्या दोन पोफळी पिवळ्या. तू 'काका, चुकलं माझं' म्हणत राहिलीस, यांनी मान वर केली नाही, आणि तू न जेवता पेणची एसटी धरलीस.

पुष्कळ खोदून विचारल्यावर श्रेयस पुढचं बोलला. बागायतदारांच्या या घरात पेणच्या मिठागरवाल्यांची मुलगी नकोच होती, झाडं निमित्त झाली, असं तुला वाटलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तुझ्यावर नाही गं, यांच्यावर. माणूस तोंडच उघडत नाही, मग समोरच्यानं समजायचं तरी काय! वादळानंतरही हे कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नव्हते. मी कुठल्या मिठागरातून आले होते?

आता पत्र लिहायचं खरं कारण सांगते. पोफळी जगतील की नाही ते अजून कळत नाही, पण गेल्या आठवड्यात हे स्वतःच प्लंबरला घेऊन आले. आता न्हाणीघराला दोन पाइप आहेत, एक वाडीत जातो, दुसरा शोषखड्ड्यात. मध्ये कॉक आहे. तो फिरवायचा आणि हवा तो साबण वापरायचा. हेच मी वर्षानुवर्षं मागत होते, तर पाणी वाया जाईल हे एकच उत्तर ठरलेलं. तुझ्यासाठी एका दिवसात झालं! वर तो कॉक बसवलाय डाव्या कोपऱ्यात, जिथे माझा हात धड पोचत नाही. त्यावरून मी भांडले, तर खाली बघून म्हणाले, "ती डावखुरी आहे. त्या दिवशी वाढत होती तेव्हा पाहिलं मी." यांच्या तोंडून एवढीच माफी निघते, हेमाली, याहून जास्त मलाही कधी मिळालेली नाही. मी रोज वाकडी होऊन तो कॉक फिरवतेय आणि माझी कंबर धरलीय. लवकर ये आणि तुझा तू फिरव.

तुझीच,
सुचित्रा