आईची गरम भिंत

३ नोव्हेंबर

चि. छकुलीस,
अनेक आशीर्वाद. नव्या लाकडाच्या शेगडीचा फोटो पाहिला. शेगडी झकास, पण जावईबापूंनी ती भिंतीला अशी चिकटवली आहे, जणू तिलाच थंडी वाजते! सोफ्याला जागा हवी म्हणे. त्यांना सांग, सोफा हलवता येतो. माझा उभा जन्म अग्निशमन दलात गेला. शेगडीबरोबरच्या कागदात वेगळं काही लिहिलं नसेल, तर लाकडी भिंतीपासून चांगली तीन फूट लांब ठेवा. वरच्या गिलाव्यावर जाऊ नका. आतलं लाकूड रोज शेकून शेकून कोळसा होतं आणि मग जराशा धगीनेही पेटतं.
खुब्याच्या ऑपरेशननंतर तुझी आई काठी घेऊन चालते आणि माझ्यावर पूर्वीसारखी ओरडते. म्हणजे प्रकृती ठीक.
लोभ आहेच, काळजी वाढवू नये.
बाबा

२० नोव्हेंबर

चि. छकुली,
अ. आ. बाबांच्या पत्रापायी तुमचा सोफा व्हरांड्यात गेला म्हणे! हसून हसून पुरेवाट झाली माझी.
इकडे मी मजेत. बाबांच्या घोरण्यापायी माझी खोली वेगळी, हे तुला ठाऊकच आहे. थंडीने खुबा ठणकायचा. तर बाबांनी काय करावं? बाहेरच्या खोलीतली शेगडी, धुराचा पाइप वळवून, पलीकडून माझ्या पलंगामागच्या भिंतीला टेकवली! भिंत काय सुरेख तापते गं! पाठ टेकली की उठवत नाही. हल्ली किंचित करपल्याचा वास येतो, पण बाबा म्हणतात, तुझ्या मालिशच्या तेलाचा असेल.
या माणसाने न सांगता माझ्यासाठी केलेलं हे पहिलंच काम. चिडवू नकोस हं त्यांना.
माया अशीच राहू दे.
आई

२४ नोव्हेंबर

ती. आई-बाबांस,
सा. न. आई, पत्र वाचून लगेच फोन केला, तर बाबांनी ‘मला शेगडीतलं शिकवू नकोस’ म्हणून ठेवून दिला. मी कोण शिकवणार? म्हणून त्यांचंच पत्र परत पाठवते आहे. फक्त वरचं माझं नाव खोडून त्यांचं घातलं आहे. आई, ती भिंतही आतून लाकडीच आहे. शेगडी हलेपर्यंत पेटवू देऊ नकोस, तुला माझी शपथ.
राग आला तरी चालेल, लोभ ठेवा.
छकुली

२ डिसेंबर

चि. छकुली,
अ. आ. बाबांनी स्वतःचं पत्र उभ्याउभ्याच वाचलं. मग माझ्या भिंतीवर तळहात ठेवला. दुपारी गिलावा फोडला. आतली फळी काळी ठिक्कर, बोट लावलं की भुगा. मी त्याच भिंतीला पाठ लावून गाढ झोपत होते गं! बाबा मटकन पलंगावर बसले. तुला काही झालं असतं तर, एवढंच म्हणाले आणि लहान मुलासारखे रडले. मलाही आवरेना.
आता फळी बदलली, शेगडी चांगली तीन फूट लांब सरकवली. भिंत मात्र थंडगार. म्हणून माझा पलंगच शेगडीच्या खोलीत आणला आहे, तिच्यापासून लांब, बाबांच्या पलंगाला लागून. ऊब भरपूर आहे, तक्रार नाही. पण खरं सांगू? भिंत निदान घोरत तरी नव्हती.
लोभ आहेच. पुढच्या पत्राबरोबर कानात घालायला कापूस पाठव.
आई